मुनिराचा बुडालेला नवरा

मुनिरा विधवा नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्या घरी जेवून गेलेल्या कितीतरी लोकांच्या लेखी ती आजही विधवाच आहे. त्यातल्या कुणी मुंबईला परतल्यावर मैत्रिणींना तिची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगितली असेल, कुणी तिचा फोटो टाकून खाली हात जोडले असतील. आणि नेमकं त्याच वेळी तिचा नवरा इक्बाल मस्कतच्या एका गोदामात उभा राहून ट्रकमधून खोकी उतरवून घेत असेल. धडधाकट, जरा पोट सुटलेला, संध्याकाळी बायकोला फोन करून गॅसचा सिलिंडर आला का विचारणारा.

बोर्ली पंचतनहून समुद्राकडे उतरणारा रस्ता जिथे संपतो, तिथे मुनिराचा मोहल्ला. घरं पक्की, रंगवलेली, पुढे सुपारीची चार झाडं. पण दुपारी कुठल्याही दारात डोकावा, बाईमाणूसच दिसेल. ज्या घरातला माणूस कुवेत, दोहा नाहीतर मस्कतला नाही असं घर विरळाच. मुनिरा लग्न होऊन आली तेव्हा इक्बाल तिच्याबरोबर जेमतेम महिनाभर राहिला आणि परत गेला. मग दोन वर्षांनी आला. मुलगी, जुनेरा, चालायला लागली तेव्हा तिने बापाला पहिल्यांदा पाहिलं आणि घाबरून आईच्या मागे लपली. सासरे वारले तेव्हा इक्बालला सुट्टी मिळाली नाही. मुनिरानेच शेजारपाजारच्यांना हाका मारल्या आणि सगळं निभावून नेलं. घराचा स्लॅब टाकताना सेंटरिंगवाल्याशी भांडली ती. जुनेराला ताप चढला तेव्हा रिक्षा करून श्रीवर्धनला पळाली ती. यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नाही, कारण मोहल्ल्यातल्या प्रत्येकीचं तेच होतं.

विशेष होता तो तिचा हात. लग्नघरातून तिला बोलावणं यायचं ते पाहुणी म्हणून नाही, चुलीपाशी उभी राहण्यासाठी. नारळाच्या दुधातलं मटण, कोळंबीचं कालवण, तांदळाच्या पातळ भाकऱ्या, वाफेवर फुगलेली गोड सांदणं. सांदणं तर अशी, की नवऱ्यामुलाकडची माणसं निघताना हळूच डबा पुढे करायची.

मधल्या काही वर्षांत किनारा बदलला. पूर्वी लोक यायचे ते हरिहरेश्वरला दर्शन घ्यायला, वाळूवर पोरांना घोड्यावर बसवायला, खानावळीत सुरमईची थाळी खाऊन संध्याकाळी परत फिरायला. मग दिवेआगरच्या बाजूला बंगले उठले, प्रत्येकाच्या अंगणात पोहायचा तलाव, दारात पांढरे कपडे घातलेला नोकर. तिथे येणाऱ्यांना काही दिवस तलाव पुरला. नंतर तो पुरेना. पाण्यात पडून राहायला त्यांच्या सोसायटीतही तलाव होतेच. त्यांना आता ‘अनुभव’ हवा होता. कुणाला कोळ्यांबरोबर जाळं ओढायचं होतं, कुणाला सुपारी सोलायची होती, आणि कुणाला कोकणी मुसलमानाच्या घरात जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती मांडी घालून एका थाळातून जेवायचं होतं.

असा अनुभव विकणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणजे पियूष. तिशीचा, सुती सदरा घालणारा, मऊ बोलणारा. दारात कुणी सांगायच्या आत त्याने चपला काढल्या, दिलेलं पाणी बसून प्यायला, आणि पहिल्या भेटीतच ‘मुनिरा आपा’ म्हणाला. सांदण खाऊन त्याने डोळे मिटले. “आपा, हे मुंबईत कुठल्याही किमतीला मिळत नाही,” तो म्हणाला. मुनिराला तो आवडला. पुढे तिला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आला, की तिला तो आवडला होता.

माणशी पैसे ठरले आणि हंगाम सुरू झाला. बंगल्यांवरून गाडी यायची, सात-आठ माणसं उतरायची, मुनिरा वाढायची, जुनेरा पाणी बघायची. पाहुणे हळू आवाजात बोलायचे, चाटूनपुसून खायचे, निघताना तिचे हात हातात घ्यायचे. काहीजणी तर गळ्यात पडायच्या. शहरातल्या माणसांना एवढी माया असते हे मुनिराला नवीन होतं.

पियूषच्या बारीकसारीक सूचना असायच्या. हातातल्या बांगड्या काढाल का, व्हिडिओत फार किणकिणतात. ही हिरवी ओढणी नको, साधी पांढरी घ्या, साधं जास्त उठून दिसतं. मग एकदा म्हणाला, घरातल्या पुरुषाचा एखादा फोटो आहे का? मुनिराने इक्बालचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो दिला. कंपनीने तो मोठा करून काळ्या चौकटीत बसवला, जेवायच्या खोलीतल्या भिंतीवर लावला आणि वर एक छोटासा पिवळा दिवा सोडला. आपल्या घरात फोटो लावायची रीत नाही, हे मुनिराच्या मनात येऊन गेलं. पण मग वाटलं, माणूस वर्षानुवर्षं घरात नाही, निदान पाहुण्यांना कळू दे की घराला धनी आहे. पाहुणे त्या फोटोपुढे क्षणभर थांबायचे, मान खाली घालायचे. मुनिराला ते अदबीचं वाटायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्याची एक मुलगी आली, भाविका नावाची. इतर पाहुणे बाहेर सुपारीची झाडं बघत होते तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुनिरा टोप घासायला काढत होती. भाविकाने पुढे होऊन तिचा खरकटा हातच धरला.

“तुम्ही फार खंबीर आहात,” ती म्हणाली. “माझे बाबा गेले तेव्हा आई सहा महिने अंथरुणातून उठली नव्हती. तुम्ही कसं केलंत?”

“काय कसं केलं?”

“हे सगळं. त्यांच्यानंतर.”

“कुणाच्या नंतर?”

भाविकाला वाटलं बाईला बोलणं जड जातंय. तिने आवाज आणखी खाली आणला. “तुमचे मिस्टर. वादळात होडी... काल संध्याकाळी बंगल्यावर आम्हाला सांगितलं त्यांनी. तलावाच्या कडेला सगळे कंदील लावून बसले होते. मला रात्रभर झोप नाही आली.”

मुनिराने हात सोडवून घेतला आणि ओढणीला पुसला. सकाळीच तर इक्बालचा फोन आला होता. त्याच्या दाढेला ठणका लागला होता आणि ती त्याला लवंग धरायला सांगत होती.

“ते मस्कतला हायेत,” ती म्हणाली. “आज बोलले माझ्याशी. त्यांना होडीत बसवला तर उलटी होते. जंजिरा बघायला गेलेलो तर सगळा रस्ता डोका खाली घालून बसले होते.”

भाविकाचं तोंड उतरलं. तिने एकदा मागे वळून त्या दिव्याखालच्या फोटोकडे पाहिलं, मग मुनिराच्या मोकळ्या मनगटांकडे, पांढऱ्या ओढणीकडे. मुनिरानेही तिच्या नजरेमागोमाग पाहिलं. बांगड्या, ओढणी, फोटो, दिवा, माना खाली घालणारी माणसं, गळ्यात पडणाऱ्या बायका. एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसली. ती जेवायच्या खोलीत गेली, स्टुलावर चढली, फोटो काढला आणि दिव्याची वायर ओढून तोडली. भिंतीचा पोपडा निघाला. बाहेरून आत आलेले पाहुणे तसेच दारात थबकले.

पियूष दुसऱ्या दिवशी आला. तोंडावर पश्चात्ताप होता, पण तो दारू उतरलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तसा, फार खोल न गेलेला.

“आपा, तुमचं दुखणं मी समजू शकतो,” तो म्हणाला.

“माझा नवरा मारलास तू. जित्या माणसाला. माझ्याच घरात, माझ्या हातचा खाऊन.” आजवर ती त्याला तुम्ही म्हणत आली होती. त्या दिवशी तूवर आली ती आलीच.

“मारला नाही हो. ते एक कथन असतं. म्हणजे बघा, चांगलं जेवण आता सगळीकडे मिळतं. आमचे पाहुणे जग फिरलेले आहेत. त्यांना आतून हलवणारं काहीतरी लागतं. समुद्राने ज्याला नेलं त्याच्या बायकोने चुलीवर घर उभं केलं, यात ते हलतात. त्यात तुमचाही मानच आहे.”

“मग खरा ते सांग. एवढी वर्षं माणूस परदेशात हाय. मी एकटीनं पोरीला वाढवली. सासऱ्यांना एकटीनं बघितलं. हा घर उभा केला. ते सांग त्यांना.”

पियूष मनापासून विचार करून बोलला, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. “आपा, गल्फला नवरा असलेली बाई तर इथे घरटी एक आहे. त्यात गोष्ट कुठे आहे?”

जुनेरा तिथेच उभी होती. ती नंतर सांगायची की अम्मा त्या वाक्यावर ओरडेल असं तिला वाटलं होतं. मुनिरा ओरडली नाही. वर्षानुवर्षं एकटीने काढलेल्या रात्री, विमानतळावरून परतताना जीपमध्ये न रडता बसून राहणं, आजारपणं, सण, सगळं या पोरगेल्या माणसाने एका वाक्यात कचऱ्यात काढलं होतं. नवरा मेला असता तर तिच्या आयुष्याला किंमत होती. जिवंत होता म्हणून नव्हती.

पियूषने माफी मागितली, ती गोष्ट पुन्हा सांगणार नाही असा शब्द दिला. मुनिराने काम सोडलं नाही. का नाही सोडलं, असं कुणी म्हणेल. जुनेराचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं, आणि इक्बालचं कंत्राट संपत आलं होतं. तो कायमचा घरी येणार होता. शिवाय तिला वाटलं, त्याने शब्द दिला आहे. तिने बांगड्या भरल्या, हिरवी ओढणी घेतली आणि वाढत राहिली. इक्बालला फोनवर काही सांगितलं नाही. परक्या मुलखात बसलेल्या माणसाला त्याच्याच मरणाची बातमी कशी द्यायची?

नाताळच्या आधी इक्बाल आला. दोन मोठ्या बॅगा, एक दोरीने बांधलेलं खोकं आणि दुखरी दाढ घेऊन. पहिले दोन दिवस तो घरभर फिरत होता, भिंतींना हात लावत होता, नळ उघडून बंद करत होता. आपण पाठवलेल्या पैशाचं हे घर होतं आणि त्याला त्यातलं मीठ कुठे असतं तेही ठाऊक नव्हतं. मुनिराला त्याचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मग बंगल्यांवर नव्या वर्षाची गर्दी झाली. रोज गाडी येऊ लागली. आणि मुनिराच्या लक्षात आलं की गाडी यायच्या जरा आधी इक्बाल टोपी चढवून बाहेर पडतो. कुठे निघालात, असं विचारलं तर म्हणायचा, “जरा बोर्लीला. जुने दोस्त भेटतात.” तिला बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी आलाय, बसू दे चार माणसांत.

तिचा हा समज केसरने मोडला. केसर कोळीवाड्यातली, मुनिरापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, लग्न झाल्यापासून मुनिराला मासळी घालणारी. त्या सकाळी तिने पाटीतली कोळंबी मोजून टाकली आणि तिथेच उंबऱ्यावर टेकली.

“मुनिराबाय, घरात भांडान झालाय काय?” तिने विचारलं.

“न्हाय तर. का गो?”

“तुजा घोव रोज दुपारचा आमच्या सुकटीच्या वाळवणाशी येऊन बसतो. होडीच्या सावलीला. मी बोललू, भावजी, घरा जा, जेवाची येल झाली. तर बोलतो, पाव्हणे गेले की जाईन. काल मीच त्याला भाकर आन् सुकटीचा कालवण दिला. भुकेला होता. असा खाल्लान की मला कसासाच झाला.”

मुनिराने कोळंबी तशीच ठेवली. इक्बाल मागच्या पडवीत दाढी करत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तुम्हाला घराबाहेर बसायला कोणी सांगितला?”

इक्बालने वस्तरा खाली ठेवला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, दोस्तांचं एक खोटं सांगून तो आधीच दमला होता. “तो पियूषभाय भेटला होता नाक्यावर. चहा पाजला. चांगला पोरगा हाय. म्हणाला, पाहुण्यांना काहीतरी वेगळाच सांगून झालाय, आता आयत्या वेळी बदलता येत न्हाय. एवढा हंगाम दुपारचा जरा बाहेर बसा. मी म्हटला, त्यात काय एवढा?”

“काय सांगून झालाय ते विचारलात?”

“सांगितला त्यानं.” इक्बाल ओशाळं हसला. “माणूस मेला म्हटल्यानं मरतो काय?”

मुनिरा आयुष्यात नवऱ्यावर फारशी चिडली नव्हती. चिडायला तो जवळ नव्हता. फोनवर भांडण केलं तर तो तिकडे उपाशी झोपेल, असं म्हणून तिने सगळी भांडणं गिळली होती. त्या सकाळी ती सगळी वर आली.

“मी तुमच्या नावानं इतकी वर्षं दाराकडे बघत बसले,” ती म्हणाली. “आणि तुम्ही आलात ते बाहेर जाऊन बसायला? ह्या घराचा धनी होडीमागे लपतो, केसरच्या भाकरीवर दुपार काढतो, आणि त्याच्या थाळात मी परक्यांना वाढते. तुम्हाला लाज न्हाय वाटली?”

इक्बालने गालावरचा वाळलेला साबण बोटाने खरवडला. “मुनिरा, तिकडे पण असाच होता,” तो म्हणाला. “मोठ्या साहेबाचे पाहुणे गोदाम बघायला आले की आम्हाला सांगायचे, मागच्या बाजूला उभे राहा, दिसू नका. आम्ही उन्हात उभे राहायचो. मला सवय झाली. इथे निदान सावली होती.”

त्याच्यावरचा तिचा राग तिथेच दुसरीकडे वळला, पण विझला नाही. उलट वाढला. ज्या माणसाला परक्या देशाने लपवून ठेवलं, त्याला त्याच्या स्वतःच्या गावातही लपवणारे निघाले होते, आणि तेही चहा पाजून, गोड बोलून.

“आज बाहेर जायचा न्हाय,” ती म्हणाली. “दाढी पुरी करा. पांढरा शर्ट घाला.”

त्या दुपारी तिने नेहमीपेक्षा मन लावून रांधलं. जुनेरा म्हणाली, “अम्मा, आज तरी नको करू काही. हंगाम संपू दे.” मुनिराने थाळांची चळत तिच्या हातात दिली. गाडी आली. सात पाहुणे उतरले, बरोबर पियूष. दस्तरखान अंथरलेला होता, थाळ मांडलेले होते, वाफा निघत होत्या. आणि मधोमध, घरधन्याच्या जागेवर, इक्बाल मांडी घालून बसला होता. हात मांडीवर, नजर खाली, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा.

पियूष दारातच उभा राहिला. पाहुणे बसले. मुनिराने कुणाला वाढलं नाही. ती नवऱ्याच्या मागे उभी राहिली आणि बोलली. गावचं बोलणं बाजूला ठेवून, त्यांना नीट कळेल असं.

“तुम्हाला बंगल्यावर सांगितलं असेल, की या घरातला माणूस समुद्रात बुडाला. हाच तो माणूस. यांचं नाव इक्बाल. हे कधी मासेमारीला गेले नाहीत. हे मस्कतला गोदामात काम करत होते. मी विधवा नाही. मला न विचारता मला विधवा केलं, आणि यांना रोज दुपारी उपाशी घराबाहेर बसवलं, तुम्हाला रडता यावं म्हणून.”

एका बाईने तोंडावर हात ठेवला. मग टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ हळूहळू टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या शेजारच्याने साथ दिली. बघता बघता सगळेच टाळ्या वाजवायला लागले. तोंडावर हात ठेवलेली बाई आता डोळे पुसत होती आणि शेजारणीला म्हणत होती, “किती सुंदर वळण दिलंय गोष्टीला.” एका पोराने मोबाइल वर धरला होता. इक्बाल गोंधळून हसला आणि त्याने सलामासाठी हात उचलला, त्यावर टाळ्या आणखी वाढल्या.

मुनिराने दाराकडे पाहिलं. पियूषने क्षणभर अंदाज घेतला, आणि मग त्यानेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

ती खाली वाकली आणि भाकऱ्यांची टोपली उचलली.

“उठा,” ती म्हणाली.

पाहुणे हसतच होते. त्यांना वाटलं, हेही त्यातलंच. तिने एकेक थाळ उचलून जुनेराच्या हातात दिला, कालवणाचं पातेलं कडेला घेतलं, दस्तरखानाचं एक टोक ओढलं, तेव्हा कुठे हसू थांबलं.

“अहो, आम्ही याचे पैसे भरलेत,” टोपीवाले गृहस्थ म्हणाले.

“मला नाही भरले. ज्याला भरलेत त्याच्याकडे जेवा.”

“मुनिरा, जेवू दे त्यांना,” इक्बाल हळूच म्हणाला. “दारी आलेले भुकेले उठतायत.”

“तुम्ही भुकेले उठलात तेव्हा कुणी हाक मारली होती?”

पियूष पुढे आला. “आपा, प्लीज. आपण नंतर बोलू. हे फार छान झालं होतं, तुम्ही उगाच...”

“चपला घाल,” मुनिरा म्हणाली.

गाडी गेली. मुनिराच्या दारातून आजवर कुणी उपाशी परतलं नव्हतं. तिच्या अम्माने तिला लहानपणी जे काही शिकवलं होतं त्यात हे पहिलं होतं. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ती पातेली घेऊन कोळीवाड्यात गेली. वाळवणावर काम करणाऱ्या बायका सावलीला बसल्या होत्या. तिने सगळ्यांना वाढलं आणि इक्बालला केसरच्या शेजारी बसवून त्यालाही वाढलं. बायका जेवू लागल्या. केसर तेवढी म्हणाली, “मटनात मीठ जरा जास्त झालाय आज.” आणि मुनिराला त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं असं वाटलं.

कंपनीने तिच्याकडे पाहुणे पाठवणं बंद केलं, हे सांगायला नको. पंधरवडा गेला आणि गाडी पुन्हा मोहल्ल्यात वळली, पण दोन गल्ल्या पलीकडे, काशिफाच्या दारात. काशिफा तरुण, नवरा दोह्याला, घराचा वरचा मजला अर्धवट. मुनिरा तिला सावध करायला गेली. काशिफाच्या अंगावर पांढरी ओढणी होती.

“काय सांगतात तुझ्याबद्दल, ठाऊक हाय तुला?” मुनिराने विचारलं.

“हाय की, आपा. मी आधीच सांगून ठेवला, नवऱ्याचा नाव घ्यायचा न्हाय. भाऊ बुडाला म्हणा. मला भाऊच न्हाय, मग कुणाला नजर लागणार?” काशिफा हसली. मग मुनिराचा चेहरा बघून हसायची थांबली.

“तुझी खरी गोष्ट काय कमी हाय? एकटीनं पोरांना सांभाळतेस, सासूचा डायलिसिस...”

“माझी कोण ऐकणार, आपा?”

काशिफाने हे भांडायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. मुनिरा तशीच उठली. ती परत आली ती अशी तणतणत, की वाटेत सलाम करणाऱ्यालाही तिने उत्तर दिलं नाही. काशिफाचा तिला राग आला नव्हता. राग आला होता तो त्या प्रश्नाचा, आणि तो प्रश्न काशिफाच्या तोंडी घालणाऱ्यांचा.

भाविका एकदा येऊन गेली, आईला घेऊन, कंपनीशिवाय. मुनिराने त्यांना जेवू घातलं. जेवण झाल्यावर भाविका म्हणाली, “आता मला तुमची खरी गोष्ट ऐकायची आहे.” मुनिराने तिला आणखी एक सांदण वाढलं आणि विषय बदलला. मुलगी चांगली होती, पण तिलाही काहीतरी घेऊनच जायचं होतं. मुनिराला आता ते द्यावंसं वाटत नव्हतं.

हल्ली ती पुन्हा लग्नघरची जेवणं करते. इक्बाल सामान आणतो, नारळ खोवून देतो, गाडीत पातेली बांधतो. लोक त्याला ‘मुनिरा आपाचा नवरा’ म्हणून ओळखायला लागलेत.

मे महिन्यात पियूष आला. मुनिरा मागे मासे साफ करत होती. तिला बाहेरचे आवाज ऐकू येत होते. इक्बालने त्याला बसवलं, चहा केला, बिस्किटं ठेवली. पियूष म्हणत होता की त्या दिवशीच्या पाहुण्यांनी सगळीकडे फार छान लिहिलं, लोक त्या जोडप्याबद्दल विचारतात, मस्कतहून परतलेला नवरा आणि वाट बघणारी बायको, यात खूप काही करता येईल, आणि या वेळी सगळं खरंच असेल. इक्बालने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “न्हाय. आम्हाला नको.” पियूषने आणखी थोडा प्रयत्न केला. इक्बाल पुन्हा तेच म्हणाला, तितक्याच सौम्यपणे, आणि त्याला फाटकापर्यंत पोचवून आला.

तो आत आला तेव्हा मुनिरा वर न बघता म्हणाली, “चहा कशाला दिलात त्याला?”

“आला माणूस दारात. चहा पण द्यायचा न्हाय?”

“त्याला न्हाय.”

इक्बाल तिच्यासमोर पाटावर बसला. “किती दिवस असा राग धरून बसशील?”

मुनिराने हातातला बांगडा उलटा करून पोट चिरलं. “तुम्ही इतकी वर्षं दूर होतात, तेव्हा एक दिवस राग धरला न्हाय मी,” ती म्हणाली. “तो पण शिल्लक हाय अजून.”

इक्बालने परातीतला दुसरा बांगडा उचलला आणि, त्याला नीट जमत नव्हतं तरी, तिचं बघून पोट चिरायला लागला. तो चुकीच्या दिशेने सुरी चालवत होता. तिने ते पाहिलं आणि त्यावरही ती चिडली.